एक काळी कमी

गावाचं नाव राहे.
तरुण मुलं मात्र तिथे राहत नाहीत,
शाळा संपली की दक्षिणेची बस धरतात.
नोव्हेंबरात दुपारी तीनलाच
दिवस आपलं दुकान बंद करतो,
समुद्र कडेकडेने गोठू लागतो,
आणि गुरुवार असला की सिर्काच्या स्वयंपाकघरात
शंभर फरशा खळ्ळकन टेबलावर सांडतात.

नखाएवढ्या फरशा, प्लास्टिकच्या.
निळ्या, शेंदरी, लिंबाच्या रंगाच्या,
पांढऱ्या, काळ्या.
पिशवीत न बघता हात घालायचा
आणि बशी-बशीत चार-चार वाढत जायचं,
पंगतीत वाढावं तसं.
जेवायची रीत तेवढी उलटी:
एका बशीतला एकच रंग उचलायचा, पण सगळा.
उरलेलं मधोमध ढकलायचं.
तुला नकोसं झालेलं
फिरून फिरून माझ्याच गळ्यात.
आणि हाव धरून जागेपेक्षा जास्त घेतलंस
तर वरच्या फुटल्या म्हणायच्या,
गुण वजा.

ताइस्तोने चाळीस वर्षं खऱ्या फरशा बसवल्या.
निम्म्या गावाची न्हाणीघरं त्याच्या गुडघ्यांवर उभी आहेत.
तो दर गुरुवारी हरतो.
"इथे शेंदरी लाव ना, सात गुण आहेत,"
वेन्ला सांगते. सिर्काची नात, वय वर्षं नऊ,
हिशेबाला सावकार.
"असतील सात," तो म्हणतो,
"पण निळ्याला खेटून शेंदरी?
माणसाने रोज सकाळी तोंड धुताना
हे बघायचं?"
आणि पांढरी लावतो. दोन गुण.
मान तिरकी करून, एक डोळा मिटून
रेघ सरळ आहे का बघतो.

उन्हाळ्यात अंगणात खेळताना एक काळी हरवली.
कावळ्याने नेली, असं पेन्ती म्हणतो.
पेन्तीच्या सगळ्या वस्तू कावळेच नेतात.
तेव्हापासून तिच्या जागी
साल्मियाक्कीची एक गोळी:
काळी, चौकोनी, खारट,
परक्याने तोंडात टाकली तर डोळ्यांतून पाणी,
इथल्यांना मात्र खाऊ.
चार महिने ती इमानाने खेळली.
पिशवीत घासून घासून कोपरे गेले,
अंगावर लोकरीचे तंतू चिकटले.

मग परवाच्या गुरुवारी,
शेवटचा डाव, ताइस्तो चक्क पुढे,
एक काळी लागली की ओळ पूर्ण,
आणि पेन्ती मधल्या ढिगाकडे बघत
विचारात बुडाला
आणि विचारात असताना त्याने ती खाल्ली.

कोणी काही बोललं नाही.
कॉफीच्या भांड्यातलं पाणी तेवढं बोलत होतं.
"नियमात," वेन्ला शेवटी म्हणाली,
"खाण्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही."
सिर्का आधी हसली, मग टेबल हसलं, मग बशा.
पेन्ती चघळतच माफी मागत होता.

आज ताइस्तो आला, बूट झटकले,
आणि खिशातून कागदाची पुडी काढली.
आत एक काळी.
खऱ्या फरशीची, नखाएवढी कापलेली,
कडा पाण्यात घासून मऊ केलेल्या.
कुठल्या घराची? विचारलं तर म्हणाला,
"पाडलं ते. बाकी काही उरलं नव्हतं उचलण्याजोगं."
आणि कोट टांगायला गेला.

ती जड आहे. थंड आहे.
पिशवीत हात घातला की बोटांना लगेच कळतं,
न बघता वगैरे काही उरलं नाही.
ही लबाडी होते की नाही
यावर अर्धा तास वाद झाला, केक संपला.
वेन्लाने नवा नियम पेन्सिलीने लिहिला,
खोक्याच्या झाकणावर, आतल्या बाजूला:
'हाताला गार लागली तर
मोठ्याने सांगायचं.'

बाहेर पुन्हा बर्फ.
पेन्ती पिशवीत कोपरापर्यंत हात घालून बसलाय,
डोळे घट्ट मिटलेले.
"गार," तो म्हणतो.
"गार."